दादाच्या फिट्स थांबल्या, पण समोरच्याचा चेहरा त्याला कळत नाही

फोंडेकरीण | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच असते. आज वेगळं विचारायचं आहे, आणि जरा लांबण लागणार आहे.

मागच्या महिन्यात आमचे शेजारचे काका गेले. तिसऱ्या दिवशी आई, दादा आणि मी काकींना भेटायला गेलो. पडवीत चटई घातलेली, काकी भिंतीला टेकून बसलेल्या, बायका हलक्या आवाजात बोलत होत्या. दादा पाच मिनिटं गप्प होता. मग एकदम म्हणाला, "काकी, काकांच्या स्कूटरचं काय करणार? विकायची असेल तर आताच विका, टायर नवीन आहेत." काकी त्याच्याकडे बघतच राहिल्या. आईने त्याचा हात दाबला. त्याला वाटलं तिला उठायला आधार हवाय, म्हणून तो तिला धरून उठवायला लागला. आणि उठवता उठवता परत, "मागचा तर जानेवारीतच बदललाय."

घरी येताना आई रडत होती. दादाने विचारलं, "काकांची आठवण येते का गो?"

दादा ३८ वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना तापात मोठी आकडी आली होती, बराच वेळ थांबली नव्हती. मग अकराव्या वर्षी फिट्स सुरू झाल्या. हातपाय झाडायचा नाही. पोटातून काहीतरी वर चढतंय म्हणायचा, मग एकटक बघत राहायचा, ओठ चाटायचा, शर्टाचं बटण चाळवत बसायचा. दोनेक मिनिटांत संपायचं आणि त्यातलं त्याला काही आठवायचं नाही. शाळेत 'लक्ष कुठे आहे' म्हणून मार खाल्ला. आजीने देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. निदान व्हायला तीन वर्षं गेली. एमआरआयमध्ये उजवीकडचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) आकसलेला आहे. दोन गोळ्या चालू आहेत आणि गेली चार वर्षं एकही फिट नाही. देवाची कृपा.

पण हे माणसांचं काय करायचं? डोकं चांगलं आहे. चुलतभावाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सगळा हिशेब तोच बघतो, वर्षभरात एका पैशाची चूक नाही. काउंटरवर बसवला की मात्र पंचाईत. गिऱ्हाईक घड्याळ बघतंय, पिशवी उचलतंय, एक पाय पायरीवर, आणि दादा अजून वायरच्या गेजवर बोलतोय. कुणी टोमणा मारला तर त्याला ती स्तुती वाटते. मुली बघायला दोनदा गेलो, दोन्हीकडून नकार. एकीला त्याने पहिल्याच भेटीत विचारलं, तुमच्या वडिलांना दम्याचा त्रास किती वर्षं आहे म्हणून.

आधी दाखवत होतो त्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर म्हणाले, "फिट्स बंद आहेत ना? मग आणखी काय हवं?"

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, "ताका कळना गो." बाबा म्हणतात, कळतं सगळं, आडमुठा आहे. हा आजाराचाच भाग असू शकतो का? कुणाला अनुभव?

---

अबोली | सोमवार, रात्री ११:३२

बाई गं, स्कूटर वाचून आधी हसले आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. माझ्या नणंदेचं असंच आहे, तिलाही लहानपणापासून फिट्स. आम्ही 'तिचं तोंड फटकळ' म्हणून सोडून देत होतो. या दोन गोष्टी जोडाव्या असं कधी डोक्यातच आलं नाही. वाचतेय.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:०५

चौतीस वर्षं शाळेत काढली. पूर्वी अशा माणसाला भोळा म्हणत आणि गाव त्याला सांभाळून घेई. आता प्रत्येक स्वभावाला आजाराचं नाव लागतं. दुखवट्याला काय बोलू नये हे निघण्यापूर्वी घरच्यांनी सांगायला हवं होतं. फिट येतात म्हणून आईबाप मुलाला रागवत नाहीत, मग वळण लागायचं राहून जातं. राग मानू नये, पाहिलंय ते सांगितलं.

---

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी १:२०

मास्तर, राग नाही, पण माझ्या नवऱ्याला वळण लावायला त्याचे वडीलच होते आणि ते तुमच्याच व्यवसायातले. सकाळ संध्याकाळ वळण लावत होते. उपयोग शून्य.

फोंडेकरीण, ही माझी गोष्ट. लग्नाआधी आजार सांगितला होता, लपवाछपवी नव्हती. गोळ्या वेळेवर, जागरण नाही, एवढं सांभाळलं की झालं असं मला वाटलं. पहिल्या वर्षी मी माहेरच्या आठवणीने रडकुंडीला आलेली. तो बाजूला बसून मोबाइलवर फुटबॉलची मॅच बघतोय. "काय झालं?" त्याने विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. "बरं," म्हणाला आणि आवाज वाढवला. मी रात्रभर मनात भांडले. दुसऱ्या दिवशी सरळ सांगितलं की मला आईची आठवण येत होती, तर याच्या डोळ्यांत पाणी. रजा टाकली आणि मला घेऊन कदंब बस पकडून थेट माहेरी, साखळीला. म्हणजे माया होती. ती कधी बाहेर काढायची, तेच त्याला समजत नव्हतं.

नंतर एक गोळी बदलली तेव्हा आणखी वेगळंच सुरू झालं. लेव्हेटिरॅसेटम. फिट्स उत्तम थांबल्या, पण माणूस तिरसट झाला. पोदेर, म्हणजे पाववाला, दहा मिनिटं उशिरा आला म्हणून त्याच्यावर ओरडला. पाच उंड्यांसाठी! मी म्हटलं आता हे पण आजारातच धरायचं का? न्यूरोलॉजिस्टना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, या औषधाने काहींना चिडचिड होते. हळूहळू दुसऱ्या गोळीवर आणलं. चिडचिड गेली. 'काही नाही' म्हटलं की 'बरं' म्हणणं मात्र तसंच राहिलं. म्हणजे एक गोष्ट औषधाची होती, दुसरी नव्हती.

---

खुबे_तिसऱ्यो | मंगळवार, दुपारी १:४५

'काही नाही' वर 'बरं' म्हणणारा नवरा आमच्याकडेही आहे, आणि त्याला आयुष्यात एक फिट आलेली नाही 😄

---

सुरंगी | मंगळवार, दुपारी १:५०

+१ 😄 सगळ्या गोव्यात साथ आहे.

---

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी २:१५

हसा. मीही हसते. फक्त एक सांगते, हा विनोद मी गेली नऊ वर्षं ऐकतेय. प्रत्येक वेळी त्याच्यानंतर विषय बंद होतो आणि मी घरी जाते.

---

खुबे_तिसऱ्यो | मंगळवार, दुपारी २:३१

माफ कर गं. खरंच लक्षात आलं नाही.

---

रातांबा | मंगळवार, रात्री ९:४०

मी मेंदूविकारांच्या रुग्णांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घ्यायचं काम करते. सध्या कर्नाटकात, मूळ डिचोलीची. थोडं सविस्तर लिहिते.

थेट उत्तर असं की हो, हा आजाराचा भाग असू शकतो. यात जे अडतं त्याला सामाजिक आकलन म्हणतात. चेहऱ्यावरून, आवाजाच्या चढउतारावरून भावना ओळखणं, समोरच्याला काय माहीत आहे आणि काय वाटतंय याचा अंदाज बांधणं, टोमणा, थट्टा, आडून बोलणं समजणं, हे सगळं त्यात येतं. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात, म्हणजे मेंदूच्या त्या भागातून येणाऱ्या फिट्सच्या आजारात, या गोष्टी कच्च्या असल्याचं वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. फ्रंटल लोबच्या (कपाळामागच्या भागाच्या) अपस्मारातही दिसतं. सगळ्यांना होतं असं मात्र नाही. फिट्स असलेली अनेक माणसं गप्पांच्या मैफली गाजवतात.

कारण जागेत आहे. टेम्पोरल लोब म्हणजे कानशिलाच्या आतला भाग. तिथे हिप्पोकॅम्पसला लागून बदामाएवढा अमिग्डाला असतो. समोरच्या चेहऱ्यावर भीती आहे, धोका आहे, हे टिपण्यात त्याचा मोठा वाटा. दादासारख्यांच्या फिट्स नेमक्या याच शेजारात सुरू होतात. पोटातून वर चढणारी ती भावना ही या भागाची जवळजवळ सहीच. लहानपणी तापात लांबलेली आकडी, नंतर काही वर्षं शांत, मग फिट्स आणि आकसलेला हिप्पोकॅम्पस, ही साखळी आमच्या फायलींत वारंवार भेटते. अशा रुग्णांना आनंदी चेहरा सहसा ओळखता येतो. अडतं ते भीतीपाशी, कधी किळस आणि दुःखापाशी. दोष उजव्या बाजूला असेल आणि फिट्स लहान वयात सुरू झाल्या असतील तर त्रास जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं. चेहरे ओळखायला शिकायच्या वयातच त्या भागात वादळं चालू असतात ना.

एक प्रसिद्ध उदाहरण आहे, अपस्माराचं नव्हे, पण याच बदामाचं. अमेरिकेतली एक बाई, संशोधनात तिला एस. एम. एवढंच म्हणतात. दुर्मिळ आजाराने तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी झालेले. १९९४ मध्ये आयोवातल्या संशोधकांनी दाखवलं की तिला भीतीचा चेहराच ओळखू येत नाही. २००५ मध्ये पुढची गंमत कळली. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. 'डोळ्यांकडे बघ' असं सांगितलं की तिला भीती ओळखता येई. सांगायचं थांबवलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मास्तरांना नम्रपणे: वळण न लागलेला माणूस आणि खूणच न दिसलेला माणूस यांत फरक करता येतो. आमच्याकडे छोट्या गोष्टी वाचून दाखवायची एक चाचणी आहे. गोष्टीत कुणीतरी नको तिथे नको ते बोलतं. मग विचारायचं: कुणी काही बोलू नये असं बोललं का? का बोलू नये? त्याला ते माहीत होतं का? ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल? काही रुग्णांना गोष्ट तोंडपाठ सांगता येते, पण 'का बोलू नये' इथे गाडी अडते. स्मरण शाबूत आणि अंदाज नाही.

आणि मांडवीकाठ, तुमच्या साखळीच्या बसची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, नाव न घेता. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखणं वेगळं आणि ते कळल्यावर गलबलून येणं वेगळं. या आजारात पहिलं जास्त बिघडतं, दुसरं बहुतेक वेळा बऱ्यापैकी टिकतं. बाहेरून मात्र असा माणूस दगड वाटतो.

एक इशारा. जुन्या पुस्तकांत 'अपस्मारी स्वभाव' असला एक शिक्का होता: चिकट बोलणारा, रागीट, अतिधार्मिक वगैरे. त्याने फार नुकसान केलं. माझं लिहिणं त्या शिक्क्याची नवी आवृत्ती म्हणून वापरू नका.

---

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६:१०

वाचलं. १९८० च्या सुमारास सत्तरी तालुक्यातल्या शाळेत होतो. एक मुलगा होता. मी रागावलो की हसायचा. वर्ग खिदळायचा. मी त्याला उद्धट समजून बाकावर उभा करी. त्यालाही झटके येत. आज पहिल्यांदा त्याची आठवण अशा बाजूने झाली.

तरी माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. त्यालाही कुणीतरी काही शिकवायला हवंच होतं. उभं करून नव्हे, एवढं मान्य.

---

चौथा_बाक | बुधवार, सकाळी ६:२५

मी रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो, कारण सगळे आमच्याबद्दल बोलताय आणि आमच्यातला कुणी नाही.

वय २९. फिट्स आठव्या वर्षापासून. पेडण्याकडचा. सगळे हसले की मीही हसतो, जरासा उशिरा. तो उशीर लोकांना कळतो, हे मला खूप उशिरा कळलं. बाराला झोपायला पडलो की दुपारच्या गप्पांतला एखादा माणूस मला चिडवत होता हे तेव्हा उलगडतं. मेसेज बरे, परत वाचता येतात. पण नुसतं 'ओके' आलं की मी बहिणीला स्क्रीनशॉट पाठवतो: हा रागावलाय का? ती सांगते, नाही रे, गाडी चालवत असेल.

पण एक प्रश्न मला सुटत नाही, आणि रातांबाताईंनी त्याला बगल दिली असं वाटलं. सगळं अमिग्डालातच आहे का? आठव्या वर्षानंतर मला कुणी नदीवर जाऊ दिलं नाही. ते ठीक, पाण्यात फिट आली असती तर मेलो असतो. पण फुटबॉलही बंद. सहलीला शाळाच नको म्हणायची. शिमग्याला गर्दी नको. चवथीला माटोळीचं (गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या मांडवाचं) सामान आणायला सगळी पोरं रानात जायची आणि मी घरी आजीबरोबर आरतीसाठी वाती वळायचो. दहा वर्षं मी एकच चेहरा बघितला, आजीचा. तो मला आजही वाचता येतो, दुरूनही. बाकीच्या चेहऱ्यांचा सरावच कधी झाला नाही.

आणि लोक आमच्याशी नीट वागतात का? मी आत आलो की बोलणं बदलतं. आईच्या मैत्रिणी माझ्यासमोर एका विशिष्ट गोड आवाजात बोलतात. माझ्याशी कुणी खरा चेहरा करतच नसेल तर मी ओळखू काय?

---

रातांबा | बुधवार, सकाळी ८:१५

बगल दिली होती, कबूल. तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि आमच्या शास्त्रातही तो सुटलेला नाही. फिट्सचा केंद्रबिंदू, औषधं, उदासी, चिंता, झोपेची मोडतोड आणि तुम्ही म्हणता ती दहा वर्षं, सगळं एकाच माणसात एकत्र येतं. चाचणीत आकडा एकच दिसतो. त्यातलं वातींचं किती आणि अमिग्डालाचं किती हे तो आकडा सांगत नाही.

चाचण्यांबद्दलही थोडं. भावना ओळखायला जे फोटो सर्रास वापरतात ते १९७० च्या दशकातल्या गोऱ्या अमेरिकन माणसांचे. नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवून चार शब्दांतला एक निवडायची जी चाचणी आहे, २००१ च्या आवृत्तीत डोळ्यांच्या अशा ३६ जोड्या, ती मुळात ब्रिटनमधली, इंग्रजी शब्दसंपत्तीवर बेतलेली. फोंड्याच्या माणसाने एखादा शब्द चुकवला तर भावना चुकली की शब्द चुकला? चांगला तज्ज्ञ हे ध्यानात घेतो. म्हणून मोबाइलवर चाचणी सोडवून निष्कर्ष काढू नका. कुणीतरी काढणारच आहे, माहीत आहे मला.

---

रानभेंडी | बुधवार, सकाळी १०:०२

माझे ३६ पैकी १९ आले 😬 आणि मला फिट्स नाहीत.

---

रातांबा | बुधवार, सकाळी १०:०९

🙏

---

सोरो_नको_सोलकढी | बुधवार, दुपारी ४:३०

विषयांतर होईल, पण फिट आली की कांदा हुंगवायचा की चप्पल? आमच्याकडे दोन्ही करतात.

---

मांडवीकाठ | बुधवार, दुपारी ४:४१

दोन्ही नको. तोंडात चमचा नको, पाणी नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. आता मूळ विषयाकडे या.

---

सुरंगी | बुधवार, रात्री ८:००

मगाशी मीही हसले होते, म्हणून काहीतरी कामाचं लिहिते. वकिलीच्या ऑफिसात काम करते. लग्नाचा विषय निघालाय म्हणून सांगते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नाला अडसर मानलेला होता, तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. गोव्यात मुळात तो कायदा नाही, आपला पोर्तुगीज काळातला नागरी कायदा चालतो. पण बाहेरची स्थळं आली की त्यांच्याकडचे लोक अजून 'कायद्याने चालत नाही' म्हणून सांगतात. चालतं. लपवू मात्र नका. पुढे प्रकरण येतं ते लपवण्यावरून.

---

फोंडेकरीण | गुरुवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. चौथा_बाक, तुमचा मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. वातींपाशी ती उठून आत गेली. दादालाही आम्ही कधी रानात पाठवला नव्हता.

एक गोष्ट सांगायची राहिली होती, आता तिचा अर्थ लागतोय. आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी मराठी नाटक असतं आणि दादा गेली अकरा वर्षं प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर बसतो, टॉर्च घेऊन. त्याच्यासारखा प्रॉम्प्टर आजूबाजूच्या चार गावांत नाही. नुसतं वाक्य देत नाही, भाव पण देतो. गेल्या वर्षी आमचा नायक शांतपणे बोलायला लागला तर विंगेतून दादा: "रागाने! रागाने आहे ते!" पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं.

परवा मी त्याला विचारलं, तुला नाटकात बरं कळतं रे कोण कधी चिडलंय ते? तो म्हणाला, "तिथं कंसात लिहिलेलं असतं."

मी काही बोललेच नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याच्यासमोर कंस गाळून बोलत होतो.

तेव्हापासून घरात एक प्रकार सुरू झालाय. सुरुवात माझ्या मुलीने केली, ती सहावीत आहे. मामा फॅनच्या कपॅसिटरबद्दल सांगत होता आणि ती म्हणाली, "मामा, कंसात, कंटाळून." तो थांबला. रागावला नाही. "किती वेळापासून?" म्हणाला. "केव्हापासून!" आता आईसुद्धा म्हणते. काल भाकरी करपली तेव्हा, "कंसात, रागाने, पण तुझ्यावर न्हय." बाबांना हा पोरखेळ वाटतो. पण काल त्यांनी पेपर आपटला आणि दादाने त्यांच्याकडे बघून विचारलं, "कंसात काय?" बाबा म्हणाले, "काही नाही." दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "हे मांडवीकाठवालं 'काही नाही' आहे का?" (धागा त्यालाही वाचायला दिलाय.)

---

मांडवीकाठ | गुरुवार, रात्री ११:०४

मी इथे एकटीच हसतेय आणि नवरा विचारतोय काय झालं. आज त्याला खरं सांगते.

---

रातांबा | शुक्रवार, सकाळी ७:५०

कंसाची युक्ती उचलण्यासारखी आहे. आम्ही नातेवाइकांना सांगतो तेही हेच, फक्त इतकं चांगलं सांगता येत नाही: भावना शब्दांत सांगा, आडून बोलू नका, सूचना हात दाबून देऊ नका. डोळ्यांकडे बघायचा सराव, प्रसंग आधी घोळवणं, याचाही काहींना फायदा होतो. या त्रासावर गोळी नाही. शस्त्रक्रियेने फिट्स थांबल्या तरी बहुतेकांत हे आपोआप सुधारत नाही, तेही आधीच माहीत असलेलं बरं.

औषधाबद्दल मात्र विचारा. टोपिरामेट असेल तर शब्द सापडायला वेळ लागतो, लेव्हेटिरॅसेटमचं वर आलंच आहे. स्वतःहून गोळी कमी करू नका, एक दिवससुद्धा. अचानक थांबवली तर फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते. उदासी आहे का, हेही तपासायला सांगा. या आजारात ती फार असते आणि विचारलं जात नाही.

---

फोंडेकरीण | सहा आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ७:१५

धागा वर काढतेय, वृत्तांत द्यायचा होता.

दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चाचण्यांना पाठवलं. दोन दिवस, रोज अडीच तास. मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रश्न मराठीत विचारले, अडलं तिथे कोंकणीत. बुद्धी उत्तम. शब्दांचं स्मरण ठीक, चेहऱ्यांचं कमी. भीतीच्या आठ फोटोंपैकी दादाने सहांना 'आश्चर्य' म्हटलं. एका फोटोबद्दल म्हणाला, "हा आमच्या पोस्टमनसारखा दिसतो, पण पोस्टमन असा कधी करत नाही." नको ते बोलण्याच्या गोष्टी मात्र त्याला आवडल्या. एकीत कुणीतरी कुणाच्या नव्या पडद्यांना नावं ठेवतं. तो म्हणाला, "पडदे वाईट असतील तर सांगायला नको?" बाई म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे स्कूटर."

मला वाटलं होतं नाव मिळाल्यावर त्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. बाहेर पडल्यावर तो चिडलेला होता. पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसायला नको म्हणाला, बसस्टॉपपर्यंत चालत निघाला. दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "इतकी वर्षं तुम्हां सगळ्यांना दिसत होतं आणि मलाच नव्हतं. कुणी सांगितलं का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंसाचा खेळही त्याने चार दिवस बंद केला होता, "मी काय बालवाडीत आहे?" म्हणून. आता परत चालू आहे, पण त्याच्या अटीवर. तो विचारेल तेव्हाच सांगायचं, लोकांसमोर नाही.

गोळी तीच ठेवलीय. उदासीसाठी वेगळी भेट ठरलीय. बाबा चाचणीचा कागद चष्मा लावून तीनदा वाचून कपाटात ठेवून आले, काही बोलले नाहीत. कंसात काय होतं ते मलाही कळलं नाही.

आणि काकी. दादा एकटाच त्यांच्याकडे गेला होता, आम्हाला न सांगता. काय बोलला ते तो सांगत नाही. काल काकींचा आईला फोन आला. म्हणाल्या, स्कूटर काढायची आहे, मुलं दोघंही बाहेरगावी, दारात उभी बघवत नाही. त्यालाच पाठव, टायरचं त्यालाच माहीत आहे.

---

रानभेंडी | रविवार, सायंकाळी ७:२२

छान वृत्तांत. स्कूटर कुठली आहे? किती चाललीय? भावाला हवी होती.

---

मांडवीकाठ | रविवार, सायंकाळी ७:२३

रानभेंडी!!

---

फोंडेकरीण | रविवार, सायंकाळी ७:४०

दादा बाजूलाच बसलाय. म्हणतो, २०१७ चं मॉडेल, ३१ हजार किलोमीटर, बॅटरी बदलावी लागेल. आणि विचारतोय, या बाईंना १९ मिळाले होते त्याच का?